रोज 50 शब्द पाठ आणि आठवड्यात पाटी कोरी: जपानीच्या एन फाइव्ह परीक्षेच्या शब्दांचं काय करायचं

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू लिहिलंयस की मिरजेत जीएनएमच्या (नर्सिंगच्या) दुसऱ्या वर्षाला आहेस, डिसेंबरला जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन फाइव्ह, म्हणजे सगळ्यात खालची लेव्हल, द्यायचीय, पुण्याचा क्लास ना वेळेत बसत ना पैशात, म्हणून एका ॲपमधली 800 शब्दांची यादी घेऊन रोज 50 पाठ करतेस आणि पुढच्या रविवारी बघावं तर त्यातले आठ-दहाच उरलेले असतात. मग विचारलंयस की नेमके किती शब्द लागतात, कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरं) आधी करू का नंतर, आणि माझी स्मरणशक्तीच कमी आहे का. वयाने तू माझ्या विद्यार्थ्यांएवढीच आहेस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नको. मी सांगलीत विश्रामबागला बारा-तेरा वर्षं घरीच जपानी शिकवते, त्याआधी पुण्यात एका कंपनीत भाषांतराचं काम करायचे, त्या अनुभवातून जे कळलंय ते सांगते.

स्मरणशक्तीचा विषय आधी संपवू. जी मुलगी दोनशे सहा हाडांची नावं आणि औषधांचे डोस लक्षात ठेवून परीक्षा पास होते तिची स्मरणशक्ती कमी कशी असेल? हाडं तुझ्या लक्षात राहतात कारण प्रत्येक हाड कशाला तरी जोडलेलं आहे, तू ते चित्रात बघितलंयस, स्वतःच्या हाताला चाचपून बघितलंयस. ॲपमधल्या यादीत तसं काहीच नाही. एका बाजूला जपानी शब्द इंग्रजी लिपीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अर्थ, बास. 1885 मध्ये एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली तर त्यातला मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच जातो. कशालाही न जोडलेले 50 जपानी शब्द म्हणजे तुझ्या डोक्यासाठी सध्या तसलीच अक्षरं आहेत. ती विसरली जाणारच, तुझ्या जागी मी असते तरी विसरले असते.

आणि त्यात तू वळसा घेतेस. जपानीवरून इंग्रजी, इंग्रजीवरून मराठी, मग समजणार. सांगलीहून मिरजेला जायला कोणी कोल्हापूरमार्गे जात नाही. मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच, की जपानी शब्द थेट मराठीला बांध, मधलं इंग्रजी काढून टाक. माझ्याकडे इंग्लिश मिडियमची मुलं पण येतात आणि मराठी शाळेतली पण, आणि मराठी शाळेतल्या मुलांना पहिल्या दिवशी वाटतं आपण मागे पडणार. प्रत्यक्षात एन फाइव्हच्या पातळीला मराठी जितकी उपयोगी पडते तितकी इंग्रजी पडत नाही. कसं ते सांगते.

त्याआधी आकड्याचं थोडक्यात. 2010 पासून परीक्षा नव्या स्वरूपात आली आणि तेव्हापासून घेणारे अधिकृत शब्दयादी छापतच नाहीत. त्याआधी चार लेव्हल होत्या, सगळ्यात खालची म्हणजे चौथी, तिला साधारण 800 शब्द आणि 100 कांजी धरायचे, आज जेवढ्या याद्या फिरतात त्या त्यावरूनच अंदाजाने केलेल्या. म्हणून कुठे 700 दिसतात कुठे 800, त्यात डोकं घालू नको. क्लासेसमध्ये जे 25 धड्यांचं पुस्तक चालतं तेवढे शब्द नीट झाले तरी पुरतं. नीट म्हणजे काय हाच प्रश्न आहे.

परीक्षेत शब्दांचा वेगळा भाग 20 मिनिटांचा, व्याकरण आणि वाचन 40 मिनिटं, ऐकणं 30 मिनिटं. एकूण 180 मार्क, पास व्हायला 80, पण शब्द-व्याकरण-वाचन मिळून 120 पैकी किमान 38 आणि ऐकण्यात 60 पैकी किमान 19 लागतातच, एका बाजूला भरपूर मिळवून दुसरीकडे पडलीस तर नापास. आता बघ, शब्दांच्या भागात "या शब्दाचा अर्थ काय" असा प्रश्न कुठेच नसतो. कांजीतला शब्द कसा वाचायचा, हिरागानातला (उच्चाराप्रमाणे लिहायच्या साध्या लिपीतला) शब्द कांजीत कसा लिहितात, वाक्यातल्या रिकाम्या जागी कुठला शब्द बसतो, आणि या वाक्यासारखंच दुसरं वाक्य कुठलं, असे चार प्रकार. सगळं जपानीतच. म्हणजे तू ज्याची तयारी करतेस ते परीक्षेत विचारतच नाहीत. तिथे शब्द वाक्यात भेटतो, जपानी लिपीत भेटतो आणि कानावर एकदाच पडतो (ऑडिओ परत लावत नाहीत), तेव्हा तो तसाच शिकला पाहिजे.

आता मराठीकडे येऊ. ॲपमध्ये "काकेरु" शब्दापुढे इंग्रजीत चार-पाच वेगवेगळे अर्थ असतील आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध ते कळत नाही. मराठीत एकच शब्द घे, लावणे. फोन लावणे, चष्मा लावणे, कुलूप लावणे, या तिन्हीला जपानीत काकेरुच आहे. देनवा ओ काकेरु, मेगाने ओ काकेरु, कागि ओ काकेरु. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं परत कधी विसरत नाहीत. फक्त दिवा लावणे, एसी लावणे याला काकेरु नाही, त्याला त्सुकेरु, एवढा अपवाद त्याच कागदावर लिहून ठेव. तसंच सिगरेट. मराठीत सिगरेट "ओढतात", जपानीतला सुउ हा शब्दही आत ओढून घेणे असाच आहे, ताबाको ओ सुउ. वाद्यांचं बघ, इंग्रजीत खेळण्याला आणि वाजवण्याला एकच शब्द, त्यामुळे इंग्रजीतून शिकणारी मुलं पियानोला आसोबु (खेळणे) लावून मोकळी होतात. आपल्याकडे पेटी वाजवतात आणि लंगडी खेळतात. तू तर मिरजेत राहतेस, सतारमेकर गल्लीत जाऊन ये आणि म्हण, शिताआरु ओ हिकिमासु. तारेचं किंवा पट्ट्यांचं वाद्य वाजवणे म्हणजे हिकु, झालं तुझं पाठ.

कपड्यांची क्रियापदं म्हटली की सगळे रडकुंडीला येतात. इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द आहे. मराठीत आपण साडी नेसतो, फेटा बांधतो, म्हणजे कपडा बदलला की क्रियापद बदलतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. जपानीत अंगात घालायचं ते किरु, पायातून वर चढवायचं किंवा पायात घालायचं ते हाकु (पँट, मोजे, चप्पल सगळं), डोक्यावर घालायचं ते काबुरु, आणि चष्मा परत काकेरु. सकाळी युनिफॉर्म घालताना एकेक वस्तू उचलून म्हणत जा, चार दिवसांत होईल. थंडीचंही तसंच. बाहेर थंडी वाजते ती सामुइ, हाताला गार लागतं ते त्सुमेताइ. गार पाणी त्सुमेताइ मिझु, सामुइ मिझु असं कधीच नाही. "थंडी" आणि "गार" हा फरक तुझ्या जिभेवर आधीच आहे, फक्त वापर.

घरातली माणसं घे. थोरला भाऊ आनि, धाकटा ओतोओतो, थोरली बहीण आने, धाकटी इमोओतो. इंग्रजीत दोनच शब्द, आपल्याकडे दादा, ताई आणि धाकटा, धाकटी वेगळे. आणि स्वतःच्या आईला हाहा पण दुसऱ्याच्या आईला ओकाआसान का, हे मुलांना समजावताना मी एवढंच विचारते की तू "माझी आई शाळेत शिकवते" म्हणतेस ना, मग मैत्रिणीला "तुझ्या आई काय करतात" असं का विचारतेस? कळतं लगेच.

अजून एक सगळ्यात मोठं. मला जपानी समजतं, मला जपानी येतं, मला पाणी हवंय, मला चहा आवडतो, माझं डोकं दुखतंय. ही पाच वाक्यं जपानीत अशी: निहोंगो गा वाकारिमासु, निहोंगो गा देकिमासु, मिझु गा होशिइ देसु, ओचा गा सुकि देसु, आतामा गा इताइ देसु. सगळीकडे गा. इंग्रजीतून विचार करणारा इथे हमखास ओ (कर्माला लागतो तो प्रत्यय) लावतो कारण इंग्रजीत "मी" कर्ता आहे. मराठीत मला चहा आवडतो, मला भाकरी आवडते, क्रियापद चहा-भाकरीप्रमाणे बदलतं, म्हणजे वाक्यात मुख्य ती वस्तू, आणि जपानीत तिलाच गा लागतो. हे ज्याला मराठीतून कळलं त्याचे व्याकरणाच्या भागातले मार्कही वाढतात. वाक्याच्या शेवटी का लावून प्रश्न करायचा हे तर तुझ्या लक्षात आलंच असेल, जेवलीस का आणि ताबेमाशिता का.

मात्र मराठी सगळीकडे साथ देते असं नाही, आणि ती कुठे फसवते तेही सांगायला पाहिजे. बसमधून उतरते म्हणताना तुला कारा (आपलं "हून", "मधून") म्हणावंसं वाटेल, पण तिथे बासु ओ ओरिमासु. औषध आपण घेतो, जपानी माणूस पितो, गोळी असली तरी कुसुरि ओ नोमिमासु, हे नर्सिंगच्या मुलीने तर आधी पक्कं करायचं. "आहे" आपल्याकडे एकच, जपानीत वस्तू असेल तर आरु आणि माणूस-प्राणी असेल तर इरु. आणि कोणी हाक मारली की आपण "आले आले" म्हणतो ना, जपानीत तिथे कुरु (येणे) चालत नाही, इकु (जाणे) लागतं, "इमा इकिमासु", शब्दशः आत्ता जाते. असं जे जे मराठीशी जुळत नाही त्यासाठी वेगळी छोटी वही कर. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या बघते तेव्हा ही यादी साठ-सत्तर ओळींपलीकडे जात नाही, आणि परीक्षेत चुका त्यातल्याच होतात.

लिपीबद्दल कडक बोलते. तू सध्या इंग्रजी लिपीतून शिकतेस ते आजपासून बंद. आणि देवनागरीतही लिहू नको. मी इथे देवनागरीत लिहितेय कारण इथे दुसरा इलाज नाही आणि तुला आवाज कळावा म्हणून, ह्रस्व तिथे ह्रस्व आणि लांब तिथे अक्षर दोनदा असं करतेय, पण वहीत हे चालणार नाही. मी स्वतः 2008 ला जुनी चौथी लेव्हल दिली, तेव्हा ती वर्षातून एकदाच डिसेंबरला असायची, आणि माझी अख्खी वही देवनागरीत होती. वाचायला झकास वाटायची. पण मराठीत आपण ह्रस्व-दीर्घ लिहितो ते बोलताना पाळतोच असं नाही, तर माझ्या कानाला लांबी-आखूडपणा कधी कळलाच नाही. योक्का म्हणजे 4 तारीख, योओका म्हणजे 8 तारीख, ऐकण्याच्या पेपरात तारखा सुरू झाल्या आणि मला दोन्ही एकच ऐकू यायला लागलं, घाम फुटला. ते नीट करायला पुढे वर्ष गेलं. तुझ्या कामाचं उदाहरण देते: ब्योओइन म्हणजे हॉस्पिटल, बियोओइन म्हणजे ब्युटी पार्लर. ओबासान काकू, ओबाआसान आजी. बिरु बिल्डिंग, बिइरु बिअर. किते म्हणजे "ये", कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट, आपल्याकडे मका आणि मक्का यात जेवढा फरक तेवढाच. हिरागानात हे वेगळं लिहिलेलं डोळ्यांना दिसतं, म्हणून हिरागाना.

46 मूळ अक्षरं आहेत, काताकाना या दुसऱ्या लिपीची आणखी 46, आणि घाबरू नको, त्यांचा क्रम आपलाच आहे. आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचं शास्त्र तिकडे गेलं त्यावरून हा क्रम लागलाय, त्यामुळे बाराखडी येणाऱ्याला आठवड्याभरात हिरागाना येतंच येतं. उच्चारातही तुला फायदा आहे. "त्सु" या अक्षरावर बाहेरच्या राज्यातली मुलं अडखळतात, आपल्याकडे चूल म्हणताना जो च येतो तोच तो. फक्त चहा-चिंचेतला च नको.

काताकानातले शब्द बाहेरून आलेले असल्यामुळे सोपे वाटतात आणि तिथेच मार्क जातात. कोप्पु म्हणजे पाणी प्यायचा ग्लास. सुतोओबु म्हणजे खोली गरम करायचा हीटर, स्वयंपाकाची शेगडी नव्हे. पान म्हणजे ब्रेड, आणि हे मला फार आवडतं की पान आणि आपला पाव दोन्ही पोर्तुगीजांच्या एकाच शब्दावरून आलेत, तेच जहाजवाले गोव्यालाही उतरले आणि जपानलाही. ताबाको आणि तंबाखूचं पण तसंच. अशा गोष्टी मनात राहतात म्हणून सांगतेय.

बरेच जण विचारतात की आवाजावरून गंमत करून शब्द लक्षात ठेवले तर चालतं का. कासा म्हणजे छत्री, "छत्री नव्हती तर आलास कसा". माता म्हणजे पुन्हा, माता पुन्हा पुन्हा सांगते. चालतं की, पण असे तीस-चाळीस शब्दच जमतात, त्यापुढे जुळवाजुळव करण्यातच जास्त वेळ जातो. ओढूनताणून करू नको.

मोजायच्या शब्दांवर आणि तारखांवर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देते कारण शब्द, व्याकरण, ऐकणं तिन्हीकडे ते येतात. माणसं मोजताना एक हितोरि, दोन फुतारि, आणि तिथून पुढे सान्निन, योनिन असं सरळ. आपण पण एकटा, दोघं, तिघं, चौघं म्हणतो आणि मग पाच जण, सहा जण. वस्तू मोजताना चपटी पातळ असेल तर माइ, लांबट असेल तर होन, गाडी-मशीन असेल तर दाइ, पुस्तक-वही असेल तर सात्सु, पेल्यातलं असेल तर हाइ. तासगावचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, बागायतदाराच्या घरातला, त्याला हे काही केल्या जमेना. मग त्याला म्हटलं पुस्तक मिटव आणि घरातलं मोज. भाकरी इचिमाइ, निमाइ. ऊस इप्पोन, निहोन, सानबोन. ट्रॅक्टर इचिदाइ. चहा इप्पाइ, निहाइ, सानबाइ. पंधरा दिवस तो जेवताना भाकरी मोजत होता आणि त्यातूनच त्याला कळलं की ऊस आणि चहा एकाच चालीने बदलतात. ह ने सुरू होणारे हे शब्द 1, 6, 8, 10 ला प्प होतात आणि 3 ला ब होतात, म्हणजे इप्पोन रोप्पोन हाप्पोन जुप्पोन, सानबोन. आपल्या संधीसारखंच आहे ते, सत् आणि जन मिळून सज्जन होतं तसं. हा नियम मी सांगितला असता तर तो विसरला असता, त्याने स्वतः शोधला म्हणून राहिला.

तारखांत 1 ते 10, शिवाय 14, 20 आणि 24 यांची नावं खास, बाकी सरळ. आपल्याकडे तिथींना पाडवा, बीज, तीज अशी स्वतंत्र नावं आहेत तसं समज. त्सुइताचि, फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योओका, कोकोनोका, तोओका. वॉर्डात चार्टवर तारीख टाकतेस ना, प्रत्येक वेळी मनात जपानीत म्हण. वेगळा अभ्यास करायला नको.

कांजी आधी की शब्द आधी, तर शब्द आधी आणि कांजी शब्दाच्या अंगावरच. सुटी कांजी तिच्या सगळ्या वाचनांसकट पाठ करायला बसू नको. सूर्याची कांजी घे, रविवारला जपानीत निचियोओबि म्हणतात आणि त्या एकाच शब्दात ती कांजी दोनदा येते, सुरुवातीला निचि वाचायची आणि शेवटी बि. यादीतून शिकलीस तर गोंधळ, शब्दातून शिकलीस तर काहीच नाही. वारांवरूनच सुरुवात कर कारण ते आपलेच आहेत. रवीला सूर्य, सोमाला चंद्र, पुढे मंगळाला आग, बुधाला पाणी, गुरूला झाड, शुक्राला सोनं, शनीला माती. जपानीत मंगळ ग्रहाला आगीचा तारा म्हणतात, शुक्राला सोन्याचा, म्हणजे ग्रह तेच, क्रम तोच. एका दिवसात सात कांजी होतात. मग माणसाची कांजी झाडाला टेकवली की विश्रांती, यासुमु. एवढं कळलं की पुढच्या शंभर कांजी वाटतात तितक्या अवघड राहत नाहीत.

आता रोजचं गणित. 50 सोड, 12 घे, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे 60. उरलेले दोन दिवस नवीन काही नाही, जुनंच. 800 ला साधारण साडेतेरा आठवडे लागतात. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते (दुसरी जुलैच्या पहिल्या रविवारी), तिथून मागे मोजून बघ, आणि त्याआधीचे तीन आठवडे फक्त सरावासाठी ठेव. एवढा वेळ उरला नसेल तर सगळ्यांना सारखं वाटत बसू नको, क्रियापदं, विशेषणं, प्रश्न विचारायचे शब्द आणि वेळेचे शब्द आधी, काटा-चमचा-बशी मागे राहिले तरी चालेल. तुझी नाइट ड्यूटी असेल त्या आठवड्यात 12 पण होणार नाहीत, 6 कर, पण जुने बघणं चुकवू नको, कारण नवीन शब्द राहिले तर पुढच्या आठवड्यात घेता येतात आणि जुने सुटले की मागचं सगळं पुन्हा करावं लागतं.

घरात जुन्या लग्नपत्रिका असतील त्यांची कोरी बाजू कापून चिठ्ठ्या कर. एका बाजूला हिरागानात शब्द, एकटा नाही, शेजाऱ्यासकट. नुसतं नोमु नको, कुसुरि ओ नोमु. नुसतं आउ नको, तोमोदाचि नि आउ, मैत्रिणीला भेटणे, तो नि म्हणजे आपला "ला". मागे मराठी. इंग्रजी कुठेच नको. मग तीन गठ्ठे, आजचे, या आठवड्याचे, जुने. त्याच रात्री एकदा, दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. आला तर चिठ्ठी पुढच्या गठ्ठ्यात, चुकला तर परत पहिल्यात. आणि उलटी बाजू पण कर, मराठी बघून जपानी तोंडाने मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात वाचून "हा येतो मला" असं वाटतं ते खरं नसतं, तोंडातून निघाला तरच आला. मिरज-सांगली सिटी बसमध्ये वीस-पंचवीस मिनिटं मिळतात तेवढ्यात एक गठ्ठा होतो, आणि परतताना चिठ्ठ्या नको, कानात ऑडिओ. मोबाइलच्या ॲपला माझा विरोध नाही, ज्यात स्वतःची वाक्यं टाकता येतात असं असेल तर बिनधास्त वापर.

रविवारी अर्धा तास स्वतःची दहा वाक्यं लिही, त्या आठवड्यातले शब्द घेऊन, तुझ्या वॉर्डातली, घरातली, खरी. पुस्तकातल्या माणसाने टोकियोत काय केलं त्यापेक्षा तू आज मिरज स्टेशनवर काय केलंस ते तुझ्या लक्षात राहणार.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण नर्सिंग म्हणालीस म्हणून सांगते. जपानला केअरगिव्हर म्हणून जायचं मनात असेल तर एन फाइव्हवर कोणी पाठवतो म्हणाला तर पैसे देऊ नको. 2019 पासून जो स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर व्हिसा सुरू झालाय त्याला एन फोर (एन फाइव्हच्या वरची लेव्हल) किंवा जपान फाउंडेशनची बेसिक टेस्ट लागते, आणि केअरच्या कामासाठी त्या कामाची आणि त्यातल्या जपानीची परीक्षा वेगळी. इकडच्या दोन मुली माझ्याकडे आल्या त्या असेच पैसे गुंतवून आल्या होत्या, फार वाईट वाटलं. एन फाइव्ह ही पहिली पायरी म्हणून जरूर दे, शब्द असे पक्के केलेस तर एन फोरला तेच पुढे चालतात.

परीक्षेच्या दिवसाचं एवढंच. पुण्याचं सेंटर आलं तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा, पहाटेच्या गाडीवर विसंबू नको, वेळ गेली की आत घेत नाहीत. पेन्सिल आणि खोडरबर दोन-दोन ठेव, गोल काळे करायचे असतात. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. ऐकताना एक शब्द सुटला तर तो धरून बसू नको, पुढचा प्रश्न सुरू झालेला असतो.

या आठवड्यात शरीराचे शब्द घे, आतामा, मे, मिमि, हाना, कुचि, ते, आशि, ओनाका, आणि त्यांच्याबरोबर इताइ, कुसुरि, ब्योओकि, नोमु. बरोबर 12 झाले. दहा वाक्यं हिरागानात लिही आणि फोटो इथेच टाक, मी रविवारी रात्री तपासून देते.